चारचौघांत उभे राहण्यासाठी

समलिंगी आणि तृतीयपंथी मंडळींचे मोर्चे, मेळे आणि चित्रपट महोत्सव मुंबईला आता नवे राहिलेले नाहीत. वर्तमानपत्रात रंगीबेरंगी छायाचित्रे येतात, आपण ती पाहतो आणि पान उलटतो. पण या उत्सवांचा मनाच्या आरोग्याशी काय संबंध आहे? आणि आपल्या घराशी?

मराठी माणूस उत्सवप्रिय आहे, हे नव्याने सांगायला नको. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला आणि लालबागचा राजा १९३४ पासून नवसाला पावतो आहे. काळाचौकी, परळ, नायगाव, हिंदमाता या पट्ट्यात तर वर्षाचे महिने दिनदर्शिकेपेक्षा मंडळांच्या मांडवांवरूनच ओळखू येतात. या उत्सवांवर टीकाही पुष्कळ झाली, काही रास्त, काही उगाच. पण त्यांनी केलेले एक काम सहसा मोजले जात नाही. ते म्हणजे, एरवी घराच्या कोपऱ्यात बसणाऱ्या माणसाला त्यांनी चारचौघांत आणले. गिरणीत पाळी करून आलेला कामगार आरतीला उभा राहिला, कोणाची सून पहिल्यांदा नाटकात बोलली, अबोल पोरगा ढोल वाजवू लागला. ‘मी इथला आहे आणि मला इथे सारे ओळखतात’ ही भावना माणसाच्या मनाला केवढा आधार देते, हे ज्याला ती सहज मिळाली त्याला कळत नाही. ज्याला मिळाली नाही, त्याला विचारावे.

याच चाळींत, याच मांडवांच्या मागेपुढे अशीही माणसे वाढली, ज्यांना चारचौघांचीच भीती वाटत आली. आपण इतर मुलांसारखे नाही, हे कळत्या वयात त्यांच्या लक्षात आले. मुलाला मुलगाच आवडतो, मुलीचा जीव मुलीत गुंततो, किंवा मुलगा म्हणून वाढवलेल्या एखाद्याला आपण मुलगी आहोत असे आतून वाटत राहते. हे बोलायचे कोणाजवळ? आईजवळ? शाळेतल्या बाईंजवळ? पिढ्यान्‌पिढ्या या मुलांनी एकच मार्ग पत्करला, गप्प राहण्याचा. मुंबईतले हे उत्सव सुरू झाले ते हे मौन संपावे म्हणून.

मैदान ते चौपाटी

१६ ऑगस्ट २००८ या दिवशी ऑगस्ट क्रांती मैदानातून एक मोर्चा निघाला आणि गिरगाव चौपाटीवर येऊन थांबला. ज्या मैदानातून १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली, तेथूनच ही मंडळी निघाली. ‘क्वीअर आझादी’ हे या मोर्चाचे नाव. हिंदुस्थानातला असा पहिला मोर्चा कोलकात्यात २ जुलै १९९९ रोजी निघाला होता आणि त्यात जेमतेम पंधरा माणसे होती. मुंबईतल्या पहिल्या मोर्चात अनेकांनी तोंडावर मुखवटे चढवले होते, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जायचे होते आणि संध्याकाळी त्याच घरी परतायचे होते. पुढे मोर्चाच्या जोडीला आणखी कार्यक्रम आले. खेळ, नाटके, वस्तूंची विक्री करणारा मेळा, चर्चा आणि पालकांचे मेळावेही झाले. २०१० मध्ये दिग्दर्शक श्रीधर रंगायन यांच्या पुढाकाराने ‘कशिश’ हा चित्रपट महोत्सव सुरू झाला. तो पुढे मरीन लाइन्सच्या ‘लिबर्टी’सारख्या जुन्या, दिमाखदार चित्रपटगृहातही भरला. तिकीट काढून, दिव्यांच्या उजेडात, पुढच्या दाराने आत जायचे. ज्यांनी आयुष्यभर मागच्या दाराने ये-जा केली, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हती.

अर्थात हे एका दिवसात घडले नाही. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला आणि सांताक्रूझला वाकोल्याजवळ महापालिकेच्या इमारतीत त्याचे काम सुरू झाले. १९९५ मध्ये स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ हा गट निघाला, तोच आज ‘लेबिया’ या नावाने ओळखला जातो. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला. त्यांनी ‘पार्टनर’, ‘इंद्रधनु’ यांसारखी पुस्तके मराठीतून लिहिली, म्हणजे ज्या मुलाला इंग्रजी येत नाही त्याच्याही हाती काही पडले. मालाडच्या गौरी सावंत यांच्या संस्थेचे नावच मुळी ‘सखी चारचौघी’ आहे. चारचौघींसारखे जगू द्या, एवढेच मागणे त्या नावात आहे.

आजार कोणाचा?

येथे एक प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. मुळात हा मनाचा आजारच आहे ना? मग उत्सव कसला करता, उपचार करा!

या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने फार पूर्वीच दिले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तीस समलिंगी आणि तीस इतर पुरुष निवडले. वय, शिक्षण आणि बुद्धिमत्ता यांत जोड्या लावून त्यांनी सर्वांच्या मानसिक चाचण्या घेतल्या. मग नावे झाकून ते निकाल नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवले आणि यातले समलिंगी कोण ते ओळखा, असे सांगितले. तज्ज्ञांना ते ओळखता आले नाही. नाणे उडवून जेवढे बरोबर आले असते, तेवढेच त्यांचे बरोबर आले. १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही ती काढून टाकली. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या नव्या यादीत पारलिंगी असणे हेही मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर आले. आपल्याकडच्या इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये, समलैंगिकता हा आजार नाही, अशी भूमिका जाहीरपणे मांडली.

मग या मंडळींत उदासीनता, चिंता, जीव नकोसा होणे, व्यसने यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त का आढळते? देशोदेशीच्या अभ्यासांत ते आढळते, हे खरेच आहे. इथे आपल्या हिंदमात्याचे उदाहरण घ्यावे. पाऊस साऱ्या मुंबईवर सारखाच पडतो. पण जोराची सर आली की पाणी तुंबते ते हिंदमात्याला. म्हणून ‘इथल्या दुकानदारांची प्रकृतीच ओलसर आहे’ असे कोणी म्हणत नाही. जागा सखल आहे, आजूबाजूचे सारे पाणी तिथे उतरते आणि बाहेर जायला वाट अपुरी पडते, हे आपल्याला कळते. या माणसांचेही तसेच आहे. सिनेमातल्या थट्टेपासून नातेवाइकांच्या टोमण्यांपर्यंत, पोलिसांच्या धाकापासून घर मिळण्यातल्या अडचणीपर्यंत साऱ्या समाजाचा तिटकारा त्यांच्या अंगणात उतरतो, आणि बोलायची सोय नसल्यामुळे तो तिथेच साचतो. इलन मायर या संशोधकाने १९९५ च्या सुमारास ‘अल्पसंख्याकांचा ताण’ या नावाने हे मांडले. त्यात प्रत्यक्ष झालेला अपमान असतो. उद्या होईल या धास्तीने सतत सावध राहणे असते. स्वतःला लपवण्याचे कष्ट असतात. आणि सर्वांत घातक म्हणजे, जगाचे म्हणणे स्वतःलाच खरे वाटू लागणे असते.

हिंदमात्याला २०२१ च्या सुमारास पालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाच्या पोटात मोठाल्या टाक्या बांधायला घेतल्या. तुंबलेल्या पाण्याला जागा करून द्यावी लागली. उत्सव, मेळे, आधारगट हे काम मनाच्या बाबतीत करतात. आपल्यासारखे शेकडो लोक आहेत, त्यांत डॉक्टर आहेत, बँकेत काम करणारे आहेत, आजीआजोबांच्या वयाचेही आहेत आणि ते हसत आहेत, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की वर्षानुवर्षांचा एक समज गळून पडतो. हेच दहा व्याख्यानांनी होत नाही.

परळपासून चार पावलांवर

‘हे सारे परदेशी फॅड आहे’ असे म्हणणाऱ्यांना आपल्याच शहरातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव गिरगाव चौपाटीवरच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचक त्यांना कोणालाही विचारता न येणारे प्रश्न पाठवत आणि ते न लाजता उत्तरे देत. अशाच काही उत्तरांवरून, ज्यांत समलैंगिकतेविषयीचा प्रश्नही होता, १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. लैंगिक ज्ञान हाच ज्या मासिकाचा विषय आहे त्याने वाचकांच्या शंकांना उत्तर द्यायचे नाही तर कोणी द्यायचे, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

बाबासाहेब पूर्वी परळच्या चाळीत राहत असत, आणि हिंदमाता ओलांडून पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत गेले की त्यांचे ‘राजगृह’ लागते. तेव्हा हा विषय आपल्या गल्लीत नव्वद वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. आपणच तो दाराबाहेर उभा ठेवला.

कायद्याने तर त्याला कोठडीतच ठेवले होते. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम दीडशे वर्षांहून अधिक काळ राहिले. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचा फास सैल केला. त्या भरवशावर कित्येकांनी घरी सांगून टाकले, आणि ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला! ज्यांनी मुखवटे उतरवले होते, ते पुन्हा कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरले. त्यांच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, असा एकमुखी निर्णय दिला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्या वेळी म्हटले की, इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागायला हवी. ‘कुटुंबीयांची’ हा शब्द आपण वाचकांनी लक्षात ठेवावा. कारण ही अवहेलना एकट्या मुलाच्या वाट्याला येत नाही. त्याची आईही लग्नसमारंभात मागच्या खुर्चीवर बसू लागते.

स्थळ पाहणे आहे

आपल्या घरांत या प्रश्नाची गाठ पडते ती बहुधा लग्नाच्या वेळी. मुलगा तिशीला आला, नोकरी आहे, तरी नाही म्हणतो. मग पत्रिका, गुरुजी, शांती. शेवटी आईचे रक्तदाब वाढल्याचे निमित्त होते आणि मुलगा मान तुकवतो. ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ या एका वाक्याने किती घरे उद्ध्वस्त केली आहेत! त्यात मुलाची घुसमट होतेच. पण दुसऱ्याच्या घरातून स्वप्ने घेऊन आलेली एक मुलगीही त्यात भरडली जाते. आपल्यातच काही कमी आहे, असे समजून ती वर्षानुवर्षे झुरते. तिचा तर यात काडीचाही दोष नसतो. मुलीच्या बाबतीत तर विचारण्याची पद्धतच नाही. तिला कोण आवडते हा प्रश्न आधी घराला परवडत नाही, आणि ‘तिला पुरुषच आवडत नाही’ हे उत्तर तर मुळीच नाही.

२०१५ मध्ये मुंबईतल्या पद्मा अय्यर या आईने आपला मुलगा हरीश याच्यासाठी वर्तमानपत्रात ‘वर पाहिजे’ अशी जाहिरात दिली. काही वर्तमानपत्रांनी ती नाकारली, एकाने छापली. गंमत म्हणजे त्या जाहिरातीत, अय्यर असल्यास प्राधान्य, असेही होते. त्यावरून वादही झाला. जात काही सुटत नाही, हे खरेच. पण मुलाचे स्थळ पाहणारी आई ती हीच, एवढे मात्र त्या चार ओळींत साऱ्या देशाला कळले. लग्नाचा कायदेशीर हक्क अशा जोडप्यांना मिळालेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो संसदेच्या हाती सोपवला. पण माया करायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

पालकांनाही वेळ लागतो

आपल्या रंगभूमीने ही वाट थोडी दाखवली आहे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या त्यातल्या मुलीचा शेवट आत्मनाशात होतो. तेव्हा दुसरा शेवट सुचणे अवघड होते. नंतर चेतन दातार यांनी ‘एक माधवबाग’ लिहिले. त्यात आईच्या हाती मुलाची डायरी पडते. ती हादरते, रडते आणि हळूहळू समजून घेते. मोना आंबेगावकर यांनी या संहितेचे वाचन ठिकठिकाणी केले आहे. दोन नाटकांमधले अंतर हे खरे तर एका आईने चाललेले अंतर आहे.

मुंबईत २०१७ पासून ‘स्वीकार’ हा अशा मुलांच्या पालकांचा गट आहे. नव्याने कळलेल्या आईवडिलांशी जुने आईवडील बोलतात. ‘आमचे काय चुकले?’ हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, आणि काहीच चुकले नाही, हे उत्तर डॉक्टरपेक्षा दुसऱ्या आईकडून आले तर लवकर पटते. मोठमोठ्यांनाही वेळ लागतो. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यासमोर दोन तरुणींचे प्रकरण आले, तेव्हा हा विषय आपल्याला नीट कळत नाही हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. ते स्वतः मानसतज्ज्ञासमोर जाऊन बसले आणि मग ७ जून २०२१ रोजी आदेश दिला. न्यायासनावरच्या माणसाला शिकण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

त्याच आदेशात, या मुलांना ‘दुरुस्त’ करण्याच्या तथाकथित उपचारांना मनाई केली गेली. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरवले. त्याआधीच, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे.

मांडव उतरल्यावर

उत्सवाचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. या कार्यक्रमांची भाषा बरीचशी इंग्रजी असते. लालबागच्या चाळीतला, आयटीआयला जाणारा मुलगा तिथे गेलाच तर बुजतो. प्रायोजकांची फलके मोठी आणि समुपदेशकाचे टेबल कोपऱ्यात, असेही घडू शकते. आणि गर्दी सर्वांनाच मानवते असे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे फोनवरून सल्ला घ्यायचा तर कुठे उभे राहून? गॅलरीत शेजारी, जिन्यात पोरे, गच्चीला कुलूप. मुंबईत मन मोकळे करायला आधी एक कोपरा लागतो आणि तोच महाग आहे. म्हणून वर्षातून एक मेळा भरून भागणार नाही. वस्तीतल्या वाचनालयात, व्यायामशाळेत, महिला मंडळात, गणपतीच्या मांडवातल्या देखाव्यातसुद्धा हा विषय मराठीतून आला, तर पोहोचण्याचे अंतर कमी होईल.

तोपर्यंत घरच्यांनी काय करावे? मुलाने किंवा मुलीने धीर करून सांगितले, तर प्रथम ऐकून घ्यावे. ‘नक्की का?’ ‘कोणी शिकवले?’ हे प्रश्न ओठांवर आले तरी गिळावेत. त्याच्या परवानगीशिवाय काका-मामांना सांगू नये. बाबा-बुवांकडे नेऊ नये आणि लग्नाची घाई तर मुळीच करू नये. स्वतःला रडू आले तर रडावे, पण शक्यतो त्याच्या अंगावर नव्हे. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, ‘जगून काय करू’ असे बोलू लागले, तर एक दिवसही दवडू नये. हिंदमात्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर केईएम रुग्णालय आहे, तिथे मनोविकार विभाग आहे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. उपचार उदासीनतेवर करून घ्यायचे असतात. मुलाच्या स्वभावावर नव्हे, हे मात्र आधी आपण समजून जावे.

आणि पुढच्या वेळी वर्तमानपत्रात त्या मोर्चाचे छायाचित्र येईल, तेव्हा पान उलटण्याआधी घरातल्या मुलांसमोर आपण काय बोलतो, याकडे लक्ष असू द्यावे. जेवणाच्या ताटावर सहज केलेली थट्टा कोणाला तरी वर्षभर पुरते. ‘असतात अशीही माणसे, त्यात काय?’ हे वाक्यही तितकेच सहज म्हणता येते. कदाचित घरातले कोणी ते ऐकत असेल आणि त्याच वाक्याची कित्येक वर्षे वाट पाहत असेल.